एकवीस ते पस्तीस

बाटली एसटीच्या पार्सलातून आली.
खोकल्याच्या औषधाची, लेबल अर्धं खरवडलेलं,
उरलेल्या अर्ध्यावर बॉलपेननं:
मिल नंबर तीन, पिनियनची बाजू.

कुपवाडला गिअर घासणाऱ्या शेडमागे आमची खोली.
सांगलीकडून वारा सुटला
की काचपट्टीवर हळद बसते.
सूक्ष्मदर्शकाखाली पिवळे गोळे, चुंबकाला न जुमानणारे,
कुठल्याच यंत्राचे नसलेले.
ते मी आधी वजा करते.

मग तेल. ताकाच्या रंगाचं,
म्हणजे कुठूनतरी रस शिरलाय.
पातळ करून उतरत्या काचेवर सोडायचं, खाली चुंबक.
लोखंड पंगतीला बसतं,
थोर आधी, बारकी पोरं शेवटी.
खोबऱ्याच्या किसासारखा कण असेल
तर बाहेरचं काहीतरी आत गेलंय, आणि कापतंय.
चपटा, चकचकीत असेल
तर तो आतूनच सुटून आलाय.
या बाटलीत किस नव्हताच.

दोन दात भेटतात
तेव्हा त्यांच्यामध्ये तेलाचा पदर असतो,
केसाचा शंभरावा भागही नाही.
एवढ्याशा आडोशानं
अंगाला अंग लागत नाही,
आणि तरी पोलाद थकतं.
कारण जोर पदर ओलांडून जातोच,
कातडीखाली, जिथं
वितळताना राहून गेलेला मळाचा एक ठिपका
कधीपासून बसून आहे.
चीर तिथं पडते.
वर अजून आरसा असतो, त्यात तोंड दिसतं.

दस्तगीर मुजावर, मिल फिटर, फोनवर:
"ताई, झाकण काढून बघिटलं.
दातांस्नी देवी आल्यात.
बारीक बारीक, गालावरच."
रकान्यात मी लिहिलं, सूक्ष्म पिटिंग, श्रेणी दोन.
समासात पेन्सिलीनं: देवी.

भार, फेरे, तेलाची दाटी, दाताचा खरखरीतपणा,
सगळं घालून गणित म्हणालं:
एकवीस ते पस्तीस दिवस.

"एकवीस की पस्तीस?" येसुगडे साहेबांनी विचारलं.
गेटाबाहेर ट्रॅक्टरांची रांग पार ओढ्यापर्यंत,
त्यांच्या खिडकीतून ती दिसत असणार.
मी म्हटलं, मधले चौदा दिवस मलाही माहीत नाहीत.
"मग ज्योतिषालाच विचारलं असतं की,"
आणि फोन ठेवला.

रात्री भांडी घासताना हात थांबला.
एकवीस. पण कुठल्या दिवसापासून?
बाटलीवर तारीखच नव्हती.

"आमोशेच्या आदल्या दिवशी काढलं हुतं तेल,"
दस्तगीर म्हणाला. "मग स्टोअरात पडून ऱ्हायलं."
बोटं मोजली. अकरा दिवस.
कपाटात झाकण लावून बसलेले अकरा दिवस,
आणि मिल तेवढे दिवस फिरतच होती.
म्हणजे दहा ते चोवीस.
साहेबांना तीनदा फोन लावला. उचलला नाही.

दस्तगीरनं परवानगी कुणाला विचारली, मला माहीत नाही.
सफाईची आठ तासांची बंदी लागली,
त्यात त्यानं जुनं तेल सोडून दिलं,
रस शिरणारं सील बदललं,
आणि उकिडवा बसून
प्रत्येक दाताच्या खड्ड्याची धार
तेलाच्या दगडानं मोडत गेला,
दात मोजत, एकोणीस,
चहा न घेता.

माझ्या गणितात यासाठी रकाना नाही.
भार आहे, फेरे आहेत,
उकिडवं बसणं कुठं घालायचं?
चोविसावा दिवस गेला. एकतिसावाही.
मी खरी ठरले नाही,
खोटीही ठरले नाही,
आणि याला काय म्हणतात ते
शिकवलं नव्हतं कोणी.

आज नवी बाटली आली.
तारीख तीन ठिकाणी लिहिलेली,
झाकणावरसुद्धा.
तेल स्वच्छ, मधासारखं.
पंगत जवळजवळ रिकामी.
शेवटच्या टोकाला एक कण,
चपटा,
दिवा हलवला की चमकतो.

वारा सांगलीकडून आहे.
मी आधी हळद वजा करते.